‘सूर्यावरील विजय’ : एका लुप्तप्राय संगीतिकेचा जीर्णोद्धार

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून त्रैमासिकाच्या नित्याच्या वाचकांस थोडें आश्चर्य वाटेल. दफ्तरें, शकावल्या, बखरी आणि जीर्ण पोथ्या ह्यांच्या सहवासांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं रशियांतील एका संगीतिकेची उठाठेव कां करावी, हा प्रश्न आम्हांसही प्रथम पडला होता. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ह्या संगीतिकेच्या १९८० सालच्या पुनःप्रयोगाची चित्रफीत आम्हांस दाखविली. ती पाहून झाल्यावर त्यानें विचारलें, “गुरुजी, ह्यांतलें जुनें किती आणि नवें किती?” प्रश्न पोथीशाळेंतला होता. ज्यानें आयुष्यभर मुलांस पाठभेद शिकविले त्यास ह्याचें उत्तर तत्काळ देतां येऊं नये, ह्याची आम्हांस लाज वाटली. आणि त्या शोधांत जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम नांवाविषयीं. ‘सूर्यविजय’ असा सुटसुटीत समास करण्याचा आम्हांस मोह झाला होता. परंतु विग्रह करूं लागतांच कर्तरि षष्ठी कीं कर्मणि षष्ठी हा संशय उभा राहतो. सूर्यानें मिळविलेला विजय, कीं सूर्यावर मिळविलेला? मूळ रशियन नांवांत ‘वर’ ह्या अर्थाचें स्वतंत्र अव्यय असल्यामुळें तेथें असा संशय नाहीं. म्हणून ‘सूर्यावरील विजय’ हें लांबट पण निःसंदिग्ध रूप आम्ही पत्करलें आहे.

ह्या कृतीचे कर्ते मुख्यतः तिघे. शब्द अलेक्सी क्रुचोनिख (१८८६–१९६८) ह्याचे, संगीत मिखाईल मत्यूशिन (१८६१–१९३४) ह्याचें, आणि पडदे व वेष काझिमिर मालेविच (१८७९–१९३५) ह्या चित्रकाराचे. नांदीवजा प्रस्ताव वेलिमिर ख्लेब्निकोव्ह ह्या कवीनें लिहिला. सारे स्वतःस भविष्यवादी म्हणवीत. मत्यूशिन हा त्यांत वयानें वडील. राजदरबारच्या वाद्यवृंदांत तीस वर्षें व्हायोलिन वाजविलेला, म्हणजे जुन्या विद्येंत मुरलेला मनुष्य. त्याची पत्नी येलेना गुरो, स्वतः कवयित्री व चित्रकर्ती, १९१३ च्या वसंतांत फिनलंडमधील उसिकिर्को येथें वारली. त्याच गांवीं, त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत, हे मित्र जमले व ‘भविष्यकालीन गायकांचें पहिलें अखिल रशियन संमेलन’ असें भारदस्त नांव देऊन त्यांनीं संगीतिकेचा संकल्प जाहीर केला. संमेलनास प्रत्यक्ष हजर होते तिघेच! ख्लेब्निकोव्ह येणार होता. पण पोहतांना त्याची पैशांची पिशवी हरवली आणि भाड्यापायीं त्याचें येणें राहिलें. अखिल हा शब्द आपल्याकडील परिषदांतही कधीं कधीं असाच सैलपणें वापरला जातो, म्हणून आम्ही त्यास हंसत नाहीं. शोकाच्या घरांत बसून सूर्यास कैद करण्याचें नाटक रचलें गेलें, ही गोष्ट मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

प्रयोग पीटर्सबर्ग येथील ऑफित्सेर्स्काया रस्त्यावरील ‘लूना पार्क’ नाट्यगृहांत झाले. हें पूर्वीं वेरा कोमिस्सार्झेव्स्काया ह्या प्रख्यात नटीचें नाट्यगृह होतें. मितीविषयीं थोडा खुलासा अवश्य आहे. रशियांत तेव्हां ज्यूलियन पंचांग चालू होतें व तें ग्रेगोरियन पंचांगाच्या १३ दिवस मागें असे. मायाकोव्हस्की ह्या कवीचें शोकनाट्य २ व ४ डिसेंबरास आणि आमची संगीतिका ३ व ५ डिसेंबरास झाली, असें जें सर्वत्र छापलेलें आढळतें तें जुन्या पंचांगाप्रमाणें. आपल्या इंग्रजी तारखेनें संगीतिकेचे प्रयोग १६ व १८ डिसेंबर १९१३, शके १८३५, ह्या दिवशीं पडतात. महाराष्ट्रांत गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तें हेंच वर्ष.

प्रयोग एकंदर दोन. पदरमोड लेव्की झेवेर्झेयेव्ह ह्या धनिकाची. तो ‘तरुण संघ’ नामक चित्रकारमंडळाचा अध्यक्ष होता. नट बहुतेक हौशी विद्यार्थी. पूर्ण तालमी अवघ्या दोन. मोठ्या वाद्यवृंदाऐवजीं एक बेसूर पियानो मिळाला, तोही ऐन प्रयोगाच्या दिवशीं आणला गेला. वृंदगायक सात, आणि त्यांपैकीं गातां येणारे तीन. हें सारें मत्यूशिन स्वतःच नमूद करून गेला आहे. संगीतकारानेंच आपल्या पहिल्या प्रयोगाची अशी साक्ष द्यावी, ह्यांत आम्हांस त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. प्रेक्षागृहांत शिट्ट्या व आरडाओरड पुष्कळ झाली. वृत्तपत्रांनीं टवाळी केली.

कथानक थोडक्यांत असें. दोन भविष्यवादी बलदंड पुरुष पडदा वर न नेतां फाडून टाकतात व खेळ सुरू होतो. पहिल्या अंकांत चार प्रवेश व दुसऱ्यांत दोन. नीरो व कॅलिग्युला एकाच देहांत वावरतात, कालप्रवासी येतो, एक दुष्टबुद्धि इसम सर्वांशीं भांडतो आणि अखेर स्वतःशींही लढतो. सूर्य पकडला जातो, काँक्रीटच्या घरांत कोंडला जातो, व त्याची प्रेतयात्रा निघते. दुसऱ्या अंकांत ‘दहावे देश’ लागतात. तेथें भूतकाळ उरलेला नाहीं. कांहींजण त्या हलकेपणानें आनंदित तर कांहीं भांबावलेले. एका लठ्ठ गृहस्थास घरांतून बाहेर पडण्याची वाटच सांपडत नाहीं. शेवटीं विमान कोसळतें, वैमानिक धडधाकट हंसत बाहेर येतो आणि बहुतांशीं व्यंजनांचें एक गीत गातो. स्त्रीपात्र एकही नाहीं.

आतां ह्या भाषेविषयीं. क्रुचोनिख व ख्लेब्निकोव्ह ह्यांनीं ‘झाऊम’ नांवाची एक वाणी पुरस्कारिली होती. ह्या शब्दाचा अर्थ ‘बुद्धीच्या पलीकडचें’. आम्ही तीस बुद्ध्यतीत वाणी म्हणूं. तींत शब्द कोशांतले नसतात. नाद आहे, अर्थ नाहीं, किंवा असल्यास तो श्रोत्यानें आपापला काढावा. आपल्याकडील संस्कृतज्ञ हें ऐकून नाक मुरडतात. परंतु नाक मुरडण्यापूर्वीं त्यांनीं निरुक्ताचा पहिला अध्याय आठवावा. मंत्र अर्थहीन आहेत असें कौत्साचें मत यास्कानें तेथें मांडलें आहे व मग त्याचें खंडन केलें आहे. सामगायनांतील स्तोभाक्षरें तर अर्थावांचूनच गाइलीं जातात आणि त्यांस कोणी वेड्याचा प्रलाप म्हणत नाहीं. ह्यावरून रशियन कवि वैदिक परंपरेचे ऋणी होते असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. तसला पुरावा कोठें दिसत नाहीं, आणि जगांतील प्रत्येक गोष्ट प्रथम आपल्याकडे झाली असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. सांगावयाचें तें निराळेंच आहे.

अर्थपूर्ण ग्रंथांत लेखकाचा हस्तदोष झाला तर तो अर्थावरून ओळखतां येतो. ‘वन’ च्या जागीं ‘धन’ पडलें तर संदर्भ ओरडून सांगतो. अर्थहीन अक्षरांत ही सोय नाहीं. तेथें एक वर्ण चुकला तर तो चुकला हेंही कळण्यास मार्ग नसतो. म्हणूनच वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन अशीं कुंपणें घालून अक्षरें राखलीं. जेथें अर्थाचा पहारा विश्वासाचा नाहीं तेथें पाठाचा पहारा दुप्पट कडक पाहिजे. रशियन संगीतिकेस ही गुरुपरंपरा लाभली नाहीं. तिच्या शब्दांस आज मुख्य आधार १९१३ सालीं छापलेल्या लहानशा पुस्तिकेचा. वैमानिकाच्या गीतांतील एखादें व्यंजन कवीचें कीं खिळे जुळविणाऱ्याचें, हें निव्वळ त्या छापावरून कोण सांगणार? आणखी एक चमत्कार पाहा. ह्याच क्रुचोनिखानें त्याच वर्षीं ख्लेब्निकोव्हसह असें प्रतिपादन केलें होतें कीं, हस्ताक्षरांत लिहिणाराची मनोवृत्ति उतरते व छापाच्या खिळ्यांत ती मरते; आणि त्यानें स्वतःच्या कित्येक पुस्तिका हस्ताक्षरांत, शिळाछापावर काढल्या होत्या. पण संगीतिका मात्र खिळ्यांनीं छापली गेली. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ह्याची हळहळ वेगळी सांगावयास नको.

संगीताची स्थिति शब्दांहूनही वाईट. मत्यूशिनच्या रचनेचे कांहीं मोजके तुकडेच उरले आहेत. त्यांपैकीं थोडे त्या पुस्तिकेंतच छापलेले आहेत. त्यास अर्ध्या स्वराहून सूक्ष्म अशा पाव स्वरांचा नाद होता व पुढें त्यानें व्हायोलिनवर ते कसे साधावे ह्याची पुस्तिकाही काढली. असले स्वर बेसूर पियानोवर कसे उमटले असतील, ह्याची कल्पनाच करावी! आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा पहिला चरण दिलेला असतो. ज्यास ती चाल ठाऊक त्यास पद हातीं येतें; ज्यास नाहीं त्यास केवळ शब्द. मूळ गाणें विस्मृतींत गेलें कीं दोन्ही गेलीं. त्या अनाथ पदांपुढें आम्ही अनेकदां बसलों आहों, म्हणून मत्यूशिनच्या तुकड्यांचें दुःख आम्हांस परकें वाटलें नाहीं.

सर्वांत सुदैवी ठरलें तें चित्रकाराचें काम. मालेविचचीं वेषांचीं व पडद्यांचीं रेखाटनें बऱ्याच संख्येनें टिकून आहेत. ह्याचें श्रेय संग्राहकास आहे. झेवेर्झेयेव्ह हा देवळांतील जरतारी वस्त्रांच्या कारखानदारीचा वारस. परंतु त्याचा जीव नाट्यविषयक पुस्तकें, चित्रें व कागदपत्रें ह्यांत गुंतलेला. प्रयोग आपटला, पैसा बुडाला, तरी त्यानें कागद टाकले नाहींत. राज्यक्रांतीनंतर पेट्रोग्राड येथें जें नाट्यवस्तुसंग्रहालय उभें राहिलें त्याच्या संस्थापकांत तो होता, व त्याचा संग्रह त्या संस्थेच्या पायांत गेला. लेनिनग्राडच्या वेढ्यांत १९४२ सालीं तो वारला. ज्या नाटकाची गांवानें चेष्टा केली त्याची चिठीचपाटी जपून ठेवणारा असा एक मनुष्य नसता, तर आज जीर्णोद्धाराची भाषाच कोणी केली नसती.

ह्या रेखाटनांशींच एक कालनिर्णयाचा वाद निगडित आहे. पांचव्या प्रवेशाच्या पडद्यासाठीं मालेविचनें एक चौकोन काढून तो तिरप्या रेषेनें काळा व पांढरा असा विभागला आहे. १९१५ च्या डिसेंबरांत पेट्रोग्राड येथील ‘०,१०’ ह्या विलक्षण नांवाच्या प्रदर्शनांत त्यानें आपला सुप्रसिद्ध ‘काळा चौकोन’ मांडला, तोही घरांत देवाची मूर्ति ठेवतात त्या उंच कोपऱ्यांत. पुढें तो ह्या चौकोनाचा जन्म १९१३ सालचा सांगूं लागला. कारण त्याचें बीज संगीतिकेच्या पडद्यांत होतें. १९१५ च्या मे महिन्यांत त्यानें मत्यूशिनास लिहिलेल्या पत्रांत, पुस्तिकेची नवी आवृत्ति काढण्याचा बेत होता तींत पडद्याचें रेखाटन घालण्याविषयीं विनविलें आहे, आणि अजाणतां केलेल्या त्या कामास आतां अपूर्व फळें येत आहेत अशा आशयाचें म्हटलें आहे. चित्र स्वतः १९१५ चें, हें आतां मान्य झालें आहे. २०१५ सालीं मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रशाळेंत क्ष-किरणादि साधनांनीं तपासणी झाली तेव्हां काळ्या रंगाखालीं आणखी दोन रंगीत रचना दडलेल्या आढळल्या. कर्त्यानेंच मागची मिती घालावी हा प्रकार आपल्या सनदांत व वंशावळींत थोडा का आढळतो? मालेविचचा हेतु लबाडीचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. बीज पेरल्याची मिती आणि झाड उगवल्याची मिती ह्यांतील कोणती जन्मतिथि मानावी, हा त्याचा घोळ होता. पण संशोधकानें दोन्ही मित्या वेगळ्या लिहिल्या पाहिजेत, ह्यांत सवलत नाहीं.

प्रयोगाच्या साक्षी ज्या आहेत त्यांत बेनेडिक्ट लिव्शित्स ह्या कवीच्या १९३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी महत्त्वाच्या. प्रकाशाचे झोत फिरत, आकृतींचे अवयव अंधारांतून तोडून काढीत व पुन्हां अंधारांत बुडवीत, आणि ह्या प्रकाशयोजनेमुळेंच चित्रकाराचें काम जिवंत झालें, असें त्याचें सांगणें आहे. वेष पुठ्ठ्याचे व तारेचे असल्यानें नट यंत्रासारखे हालत, असें क्रुचोनिखही आठवतो. परंतु लिव्शित्सची साक्ष वीस वर्षांनंतरची, हें विसरतां कामा नये. पानिपतच्या बखरींस आपण जी चाळणी लावतों तीच येथें लावली पाहिजे.

पुढील इतिहास थोडक्यांत आटोपतों. ६ फेब्रुवारी १९२० रोजीं वितेब्स्क येथें मालेविचच्या शिष्यमंडळानें हा खेळ पुन्हां केला. पडदे व वेष वेरा येर्मोलायेवा हिचे. एल लिसित्स्की ह्यानें त्याच सुमारास नटांऐवजीं विजेवर हालणाऱ्या बाहुल्यांनीं तो करावा अशी कल्पना चितारली व १९२३ सालीं हॅनोव्हर येथें त्या बाहुल्यांच्या शिळाचित्रांचा संच ७५ प्रतींत छापविला. बाहुल्या मात्र कधींच उभ्या राहिल्या नाहींत. नंतर काळ फिरला. १९३२ सालीं सोव्हिएट सरकारनें स्वतंत्र कलासंघ मोडले. येर्मोलायेवास १९३७ सालीं व लिव्शित्सास १९३८ सालीं गोळी घालण्यांत आली. क्रुचोनिख मात्र १९६८ पर्यंत मॉस्कोंत जगला, आणि उत्तरायुष्यांत दुर्मिळ पुस्तकें, हस्तलिखितें व कवींचीं स्वाक्षऱ्यांकित पत्रें जमवून व विकून पोट भरीत राहिला. भूतकाळ पुसून टाकण्याचें गाणें ज्यानें लिहिलें, तो म्हातारपणीं आमच्या व्यवसायाचा झाला! हें वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों होतों.

जीर्णोद्धाराचें पहिलें पाऊल म्हणजे १९७१ सालीं एका अमेरिकन नाट्यविषयक नियतकालिकांत निघालेलें संहितेचें इंग्रजी भाषांतर. पुढें १९८० सालीं लॉस एंजलीस येथील वस्तुसंग्रहालयानें १९१० ते १९३० च्या रशियन कलेचें मोठें प्रदर्शन भरविलें, त्या निमित्तानें कॅलिफोर्नियांतील एका कलाविद्यालयाचे रॉबर्ट बेनेडेट्टी ह्यांनीं संगीतिका रंगभूमीवर आणली. नवें भाषांतर लारिसा श्मायलो ह्यांचें. वेष मालेविचच्या रेखाटनांवरून बेतले होते. संगीताच्या मोकळ्या जागीं नवी रचना घालावी लागली. १९८१ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतही प्रयोग झाला. शंभर वर्षें भरलीं त्या २०१३ सालीं मॉस्कोंत स्तास नामीन ह्यांच्या नाट्यसंस्थेनें ती मूळ भाषेंत बसविली. तेथेंही संगीताची उणीव आधुनिक रचनाकारासच भरून काढावी लागली.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. चित्रफितींत आम्हीं जें पाहिलें त्यांत आकार बहुतांशीं जुने, शब्दांचा सांगाडा जुना पण अंगावर इंग्रजी कातडें, आणि कानास ऐकूं आलें तें जवळजवळ सर्व नवें. म्हणजे ज्यास संगीतिका म्हणावयाचें तींतील संगीतच मूळचें नव्हे. ह्यास जीर्णोद्धार म्हणावा का? आम्ही म्हणतों, म्हणावा. पण एका अटीवर. अट सांगण्यापूर्वीं आमची एक जुनी फजिती सांगितली पाहिजे. तरुणपणीं एका संग्राहकाकडील संस्कृत प्रहसनाच्या पोथीवरून आम्ही प्रत उतरून घेतली व मुलांस ती कौतुकानें शिकविली. मधल्या चार पत्रांतील श्लोक आम्हांस विशेष आवडत. पुष्कळ वर्षांनीं दुसरी पोथी मिळाली तेव्हां कळलें कीं, तीं चार पत्रें मुळांत गहाळ होतीं व कोण्या हौशी शास्त्र्यानें जुन्या कागदावर स्वतः रचून बसविलीं होतीं. श्लोक चांगलेच होते. राग त्याच्या कवित्वाचा आला नाहीं. त्यानें समासांत ‘येथून त्रुटित’ एवढीं दोन अक्षरें लिहिलीं नाहींत ह्याचा आला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ पर्यंत पुरी केली, तींत ज्या पाठाविषयीं संपादकांची खात्री पुरेशी नव्हती त्याच्याखालीं नागमोडी रेघ छापलेली आहे. वाचकाच्या डोळ्यास ती रेघ क्षणोक्षणीं टोंचते आणि टोंचावी. रंगभूमीवरील जीर्णोद्धारकापुढील अडचण ही कीं, गाणाऱ्याच्या गळ्याखालीं नागमोडी रेघ ओढतां येत नाहीं. पियानोवर मत्यूशिनचे चार चरण वाजून लगेच आजच्या रचनाकाराचे चाळीस वाजले, तर श्रोता ते एकाच हातचे समजून घरीं जातो. मॉस्को व कॅलिफोर्निया दोन्हींकडील मंडळींनीं आपण काय भरलें हें लपविलेलें नाहीं, ही त्यांच्या पदरांत घालावयाची गोष्ट. तथापि कार्यक्रमपत्रिकेवरील ओळ आणि कानावर पडणारी खूण ह्यांत अंतर आहे. आमच्या मतें जेथें मत्यूशिनचा तुकडा येईल तेथें तो एकट्या, थोड्या उतरलेल्या पियानोवर, जसा पहिल्या रात्रीं वाजला तसा वाजवावा; आणि नवी भर निराळ्या वाद्यांवर द्यावी. कानासही मग समास दिसेल. हें आम्ही आमच्या विद्यार्थ्यास कळविलें. तो म्हणाला, “गुरुजी, बेसूर पियानो मुद्दाम शोधावा लागेल.” आम्ही त्यास लिहिलें कीं, शोधावा, मत्यूशिनास तो न शोधतां मिळाला होता.